ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांनी रक्तातल्या 'मार्कर'ची तपासणी करावी का?

मुक्ता_स

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

माझे बाबा १९७४ ते १९८९ जहाजांच्या बॉयलररूममध्ये लॅगिंगचं काम करायचे. म्हणजे वाफेच्या पाइपांवरचं जुनं ॲस्बेस्टॉस हातोडीने फोडून काढायचं आणि नवीन पोत्यातलं पाण्यात कालवून थापायचं. तोंडाला रुमाल, बाकी काही नाही. संध्याकाळी घरी आले की पापण्यांवर पांढरी पिठी असायची, मला ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आता ते ७२ वर्षांचे आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला, त्यात दोन्ही बाजूंना फुप्फुसाच्या आवरणावर चुन्यासारख्या चकत्या दिसल्या. 'प्लुरल प्लाक' असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर नाही, ॲस्बेस्टॉस आत गेल्याची खूण आहे. धाप फारशी लागत नाही. सिगारेट बारा वर्षांपूर्वी सोडली.

धाकट्या भावाने नेटवर 'मेसोथेलिन' नावाची रक्ततपासणी शोधून काढली आहे. दरवर्षी ती करायची, म्हणजे मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) लवकर कळेल, असं त्याचं म्हणणं. बाबा काहीच बोलत नाहीत. ही तपासणी केलेलं कुणी आहे का? तिच्यावर कितपत विसंबायचं?

भिंगरी

वाचतेय. माझ्या मामेसासऱ्यांचंही असंच काम होतं, त्यामुळे उत्तरांची वाट बघते.

रानवारा

मुक्ता, जरूर करा. माहिती असणं कधीही बरं. काही निघालं नाही तर निदान रात्री झोप तरी लागते.

श्वासवेध

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. जरा सविस्तर लिहितो.

'रक्तातला मार्कर' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. शरीराला किती इजा झाली ते सांगणारे मार्कर वेगळे. माजी कामगारांच्या पांढऱ्या पेशींमध्ये डीएनएची मोडतोड किती आहे, हे मोजायचे बरेच प्रयत्न झाले आहेत. पण असे आकडे गटागटांत फरक दाखवतात, समोर बसलेल्या एका माणसाचं भविष्य सांगत नाहीत. दुसरे मार्कर म्हणजे जन्मजात धोका. बीएपी-१ या जनुकातला दोष काही घराण्यांत उतरतो आणि त्यांच्यात मेसोथेलिओमा जास्त आढळतो, हे २०११ मध्ये समोर आलं. तिसरे मार्कर प्रत्यक्ष गाठीतून रक्तात झिरपतात. मेसोथेलिन या तिसऱ्या प्रकारातलं. म्हणजे ते 'पुढे कॅन्सर होईल का' हे सांगत नाही. झालेला असेल तर 'कदाचित आहे' असं सुचवतं. भावाला पहिलं हे सांगा.

या तपासणीबद्दलची आशा उगाच निर्माण झालेली नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. मेसोथेलिओमाच्या ४४ रुग्णांपैकी ३७ जणांत पातळी वाढलेली होती. ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या ४० माणसांत ती ७ जणांची वाढलेली होती, आणि पुढच्या काही वर्षांत त्या सातांपैकी तिघांना मेसोथेलिओमा व एकाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. हे वाचून माझ्यासारख्या कितीतरी डॉक्टरांना वाटलं, मिळाली चावी!

पण पुढे २०१२ मध्ये सोळा अभ्यासांमधली माहिती एकत्र करून तपासली गेली. मेसोथेलिओमा नसलेल्या माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणेल अशी रेषा आखली, तर सुरुवातीच्या टप्प्यातले जेमतेम ३२ टक्के रुग्ण सापडतात. उरलेल्यांचा रिपोर्ट 'नॉर्मल' येतो.

बेरीज_वजाबाकी

डॉक्टरांचेच आकडे जरा मांडून दाखवतो.

समजा तुमच्या बाबांसारखे १००० माजी कामगार आहेत आणि त्यातल्या १० जणांना आज सुरुवातीचा मेसोथेलिओमा आहे. (हा दहाचा आकडा मी हिशेबासाठी धरलाय, आणि तोही सढळ हाताने.) तपासणी त्या दहातले ३ पकडेल, ७ निसटतील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे पन्नासेक जणांचा रिपोर्ट उगाचच वाढलेला येईल. एकूण ५३ जण घाबरून डॉक्टरांकडे धावतील, त्यात खरे आजारी तिघे.

आता दुसरी बाजू बघा, तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. 'नॉर्मल' रिपोर्ट हातात असलेले ९४७ जण, त्यात ७ आजारी. म्हणजे तपासणीआधी धोका हजारात १० होता, तो नॉर्मल रिपोर्टनंतर हजारात साडेसातच्या आसपास आला. रानवारा, तुम्ही म्हणता ती झोप एवढ्याशा फरकावर लागायची आहे.

रानवारा

@बेरीज_वजाबाकी, तुमचा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण माणूस हजारात राहत नाही हो, घरात राहतो. घरातल्या माणसाला काही करता येण्यासारखं असताना हातावर हात ठेवून बसणं किती अवघड असतं, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

जुना_लॅगर

मुक्ता बाळ, तुझ्या बाबांचं काम तेच माझं काम. पोत्यातलं ॲस्बेस्टॉस पत्र्याच्या टाकीत पाय घालून तुडवायचो आम्ही. कोवळी पोरं एकमेकांवर त्याचे गोळे फेकायची.

मी ही तपासणी केली. आकडा वाढलेला आला. मग सीटी स्कॅन. त्यात एका जागी आवरण जाड दिसलं. मग पेट स्कॅन, मग बरगड्यांमधून दुर्बीण घालून तुकडा काढला. तुकड्यात काहीच नाही, जुना व्रण. दुर्बिणीच्या जागी महिनाभर दुखत होतं, अजून थंडीत ठणकतं. दोन महिने बायको जेवली नाही धड. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, पुन्हा वाढलेलं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघितलं आणि म्हणाल्या, काका, तुमच्या किडन्या अर्ध्या ताकदीवर चालतात, त्यामुळे हा आकडा वाढतोय.

हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरगडी वाचली असती.

प्रयोगशाळेतली_मी

काकांचं वाचून वाईट वाटलं. हे अगदी नेहमी घडतं. मेसोथेलिन किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी मंदावली की ते रक्तात साचतं. वयानुसारही थोडं चढतं. अंडाशयाच्या आणि स्वादुपिंडाच्या काही कॅन्सरमध्येही वाढतं. म्हणून आमच्याकडे हा नमुना आला की मी क्रिएटिनिनचा रिपोर्ट जोडलाय का ते आधी बघते. नसेल तर फोन करून मागते.

आणखी एक. ही एलायझा पद्धतीची तपासणी आहे. ९६ खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात नमुना, मग रंग किती चढला ते यंत्र वाचतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या किटवरचे आकडे एकाशेजारी एक ठेवून 'वाढलं' किंवा 'उतरलं' म्हणता येत नाही. ज्यांना डॉक्टरांनी ही तपासणी वारंवार करायला सांगितली असेल त्यांनी ती दर वेळी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने करून घ्यावी.

केतकी

एक बाळबोध प्रश्न. कॅन्सर रोखायला अँटिऑक्सिडंट चांगली म्हणतात ना? मग तपासणीच्या भानगडीत न पडता बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या सुरू केल्या तर? नैसर्गिकच असतात, तोटा काय?

श्वासवेध

केतकी, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. मोठमोठ्या संशोधकांना हाच प्रश्न पडला होता. अमेरिकेत 'कॅरेट' नावाची चाचणी झाली. १८,३१४ माणसं. त्यात सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले चार हजारांवर पुरुष होते. निम्म्यांना बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व, निम्म्यांना औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या. बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी *जास्त* आढळला. चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

मुक्ता, बाबांना असल्या गोळ्या कुणी देत असेल तर आजच बंद करा. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

केतकी

बापरे. माझ्या काकांना मीच आणून देत होते. आत्ता फोन करते.

भिंगरी

@केतकी, बरं झालं तू विचारलंस. मी ते विचारायला लाजत होते.

खडू_फळा

थोडं अवांतर. ॲस्बेस्टॉसचा एवढासा तंतू ३०-४० वर्षांनी कॅन्सर कसा करतो, हे मला कधी समजलं नव्हतं. नात विज्ञान शिकते, तिने समजावलं, ते इथे देतो. तंतू लांब आणि सुईसारखा. शरीरातली साफसफाई करणारी पेशी त्याला गिळायला जाते, पण तो तिच्यापेक्षा लांब. अर्धा आत, अर्धा बाहेर. ती तडफडत राहते, दाहक रसायनं सोडत राहते आणि शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा होत राहते. तंतू विरघळत नाही, त्यामुळे हे वर्षानुवर्षं चालूच. मी म्हटलं, म्हणजे घशात अडकलेल्या काट्यासारखं. तर म्हणाली, आजोबा, काटा तरी एकदाचा निघतो.

श्वासवेध

तुमच्या नातीला शाबासकी. तंतूवरच्या लोहामुळे तयार होणारे मारक रेणूही त्यात भर घालतात. पेशी मरताना एचएमजीबी-१ नावाचं प्रथिन बाहेर पडतं, तेही मार्कर म्हणून तपासलं गेलं आहे.

इतर नावंही लिहून ठेवतो, म्हणजे जाहिरात दिसली तर ओळखता येईल. ऑस्टिओपॉन्टिन २००५ मध्ये गाजलं, पण ते शरीरातल्या कितीतरी दाहांत वाढतं. फिब्युलिन-३ २०१२ मध्ये आलं, पहिले आकडे थक्क करणारे होते, इतरांनी करून बघितलं तेव्हा तसे आले नाहीत. सध्या मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं ते जर्मनीतलं काम. ॲस्बेस्टॉसमुळे आजार जडलेल्या अडीच हजारांहून जास्त माणसांचं रक्त त्यांनी *मेसोथेलिओमा होण्याआधीपासून* दरवर्षी साठवलं आणि वाट बघितली. कॅलरेटिनिन हा आणखी एक मार्कर आणि मेसोथेलिन एकत्र वापरलं, रेषा कडक ठेवली, म्हणजे शंभर निरोगी माणसांत दोघांनाच खोटा इशारा मिळेल अशी. तरी निदानाआधीच्या वर्षभरात ४६ टक्के रुग्ण ओळखता आले. हे २०१८ चं. अर्ध्याहून थोडे कमीच, पण पुढची वाट याच रस्त्याने जाणार असं मला वाटतं.

रानवारा

मी वर 'जरूर करा' लिहिलं. दोन रात्री विचार करून आता पूर्ण लिहिते.

माझे यजमान ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होते. मीच हट्टाने त्यांची मेसोथेलिनची तपासणी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल. मी तो देवासमोर ठेवला. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. ते म्हणाले, डॉक्टरांना दाखवू या का? मी म्हणाले, अहो, आत्ताच तर तपासलंय, वजन वाढलंय तुमचं. असे चार महिने गेले. छातीत पाणी झालं तेव्हा दीड लिटर काढलं. सारकोमॅटॉइड प्रकारचा मेसोथेलिओमा होता. डॉक्टर म्हणाले, या प्रकारात मेसोथेलिन बहुधा वाढतच नाही.

चार महिने आधी कळून फार काही बदललं असतं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण त्यांना धाप लागत होती आणि मी त्यांचं ऐकलं नाही, कारण माझ्याकडे कागद होता.

वरचा माझा प्रतिसाद संपादित करता येत नाहीये. तो वाचणाऱ्यांनी हाही वाचावा.

जुना_लॅगर

ताई, तुम्ही त्यांच्यासाठीच धडपडत होतात.

प्रयोगशाळेतली_मी

रानवारा, तुमचा प्रतिसाद माझ्या सहकाऱ्यांना वाचून दाखवला. 'नॉर्मल' हा शब्द आम्ही दिवसातून शंभरदा छापतो.

बेरीज_वजाबाकी

रानवाराताई, घरात राहणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याचा अर्थ मला आत्ता समजला. माफ करा.

मुक्ता_स

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला धागा वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मग करायचं तरी काय? डॉक्टर, माझाही आता तोच प्रश्न आहे.

श्वासवेध

करण्यासारखं आहे.

माझ्या मते, काही त्रास नसताना दरवर्षी मेसोथेलिन करू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये या तपासणीला मर्यादित मान्यता दिली, ती *आधीच निदान झालेल्या* रुग्णांवर लक्ष ठेवायला. त्रास नसलेल्यांना चाळणी लावण्यासाठी नाही. उपचार चालू असताना त्याच माणसाचा आकडा चढतोय की उतरतोय हे बघायला ती उपयोगी पडते.

बाबांना मेसोथेलिओमापेक्षाही फुप्फुसाच्या कॅन्सरची काळजी जास्त घ्यायला हवी, कारण त्यांनी सिगारेट ओढली आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचा हिशेब प्रसिद्ध झाला. दोन्हींपासून दूर राहिलेल्यांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने पाचपट, नुसत्या सिगारेटने जवळपास अकरापट, आणि दोन्ही असतील तर पन्नासपटीच्या वर. सिगारेट सोडली की यातला धोका वर्षागणिक उतरतो. म्हणजे बारा वर्षांपूर्वी बाबांनी जे केलं, त्याच्या तोडीची कुठलीही रक्ततपासणी नाही. मेसोथेलिओमाचा मात्र सिगारेटशी संबंध नाही, तो धोका तसाच राहतो.

फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन हे खरं साधन आहे. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, २०११ मध्ये, भरपूर सिगारेट ओढलेल्यांमध्ये त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. हेलसिंकीत ॲस्बेस्टॉसच्या आजारांचे निकष १९९७ मध्ये ठरले आणि २०१४ मध्ये सुधारले. तेवढाच धोका असलेल्या ॲस्बेस्टॉस कामगारांसाठीही या स्कॅनचा विचार त्यात आहे. बाबांनी किती वर्षं, किती सिगारेटी ओढल्या हे मोजून तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आणि रानवाराताईंनी लिहिलं तेच: नवी धाप, एका बाजूला सतत दुखणारी छाती, विनाकारण उतरणारं वजन. यातलं काहीही दिसलं तर मागचा रिपोर्ट काहीही असो, त्या आठवड्यातच दाखवायचं. दाखवताना पहिलं वाक्य 'मी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय' हे असू द्या. आम्ही डॉक्टर विचारायला विसरतो.

जुना_लॅगर

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. त्यात एक भर. कामाचा पुरावा जमवा. माझ्या कंपनीने (नाव लिहीत नाही) सांगितलं की जुनी रजिस्टरं भिजली. मग पगाराच्या चिठ्ठ्या, सहकाऱ्यांची लेखी पत्रं, जहाजांची नावं, सगळं मी गोळा केलं. उद्या काही झालंच तर भरपाईसाठी आणि निदानासाठीही हेच कामाला येतं. आठवण शाबूत आहे तोवर लिहून काढायला सांग बाबांना.

मुक्ता_स

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

बाबांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. सिगारेटींचा हिशेब झाला, कमी किरणांचा सीटी झाला. चकत्या आहेत तशाच आहेत, फुप्फुसात गाठ नाही. वर्षाने पुन्हा. मेसोथेलिन केलं नाही. भावाने स्वतःच नको म्हटलं.

पण तिथे बाबा पहिल्यांदा बोलले. डॉक्टरांना म्हणाले, माझं सोडा, हिचं बघा. 'ही' म्हणजे आई. त्यांच्या कामाचे कपडे पंधरा वर्षं तिने धुतले. आधी दारात झटकायची, मग भिजवायची. मला वाटायचं बाबा भीतीने गप्प आहेत. ते इतके दिवस तिचाच विचार करत होते.

श्वासवेध

बाबांची काळजी रास्त आहे. वॅग्नर या संशोधकांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले, त्यात कधीच खाणीत न उतरलेली, नुसती त्या भागात राहिलेली माणसंही होती. १९६५ मध्ये लंडनमधल्या ७६ रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या ९ जणांचा संबंध एवढाच, की घरातलं माणूस ॲस्बेस्टॉसमध्ये कामाला होतं. आईंचा धोका बाबांपेक्षा बराच कमी आहे, पण शून्य नाही. त्यांच्या कागदपत्रांवरही 'घरातून ॲस्बेस्टॉसचा संपर्क' ही नोंद करून घ्या. लक्षणांचा नियम दोघांना एकच. रक्ततपासणीबद्दलचं उत्तरही तेच.

भिंगरी

मामेसासूबाईंनीही कपडे धुतले असणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मुक्ता_स

नोंद करून घेतली, डॉक्टर. आई म्हणाली, मी तर कपडे झटकताना श्वास रोखायचे, फार धूळ उडायची म्हणून. ते ऐकून बाबा उठून बाहेर गेले.

जुना लॅगर काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वही केली. बाबा सांगतात, मी लिहिते. साल, जहाज, किती दिवस, सोबत कोण. आत्तापर्यंत सतरा जहाजं झाली. अठराव्याचं नाव काही केल्या आठवत नाही. चिमणी पिवळी होती आणि बॉयलर इतका अडचणीत की आडवं पडून लॅगिंग काढावं लागायचं, एवढंच सांगतात. ७७ किंवा ७८ साल असावं.

जुना_लॅगर

पिवळ्या चिमणीची दोन मला आठवतात, दोन्हींवर मी होतो. बॉयलरकडे उतरायचा जिना डाव्या अंगाला होता की उजव्या, ते बाबांना विचार. मग नाव सांगतो. व्यक्तिगत निरोप करतोय, माझा नंबर त्यांना दे.